नवरदेवाच्या मागची भिंत

आमच्या भोये सरांना तुम्ही तुमच्या लग्नाचा फोटो दाखवलात, तर ते तुमच्याकडे बघणार नाहीत. तुमच्या बायकोकडे तर नाहीच नाही. फोटो डोळ्यांशी नेतील, लांब धरतील, तिरका करतील आणि हळहळून म्हणतील, "अरेरे, तुम्ही जरा बाजूला सरकला असतात, तर मागची खिडकी पूर्ण दिसली असती हो!"

माझ्याच घरी हे घडलंय. बायकोनं पोह्यांबरोबर अल्बम आणला. "ही माझी मोठी नणंद," ती कौतुकानं म्हणाली. "त्यांच्या डोक्यामागे काय आहे?" सरांनी विचारलं. "मांडवाचं कापड." "मग पान उलटा." पोहे निवायच्या आत त्यांनी अख्खा अल्बम संपवला आणि आमच्या लग्नात एकही भिंत नव्हती म्हणून खट्टू होऊन निघून गेले. पुढे बरेच दिवस बायको मला त्यांचं नाव काढू देत नव्हती.

जव्हारच्या एकाच हायस्कुलात आम्ही नोकरीला होतो. ते गणित शिकवायचे, मी मराठी. मी बसणारा माणूस. जूनमध्ये शिक्षकांच्या खोलीतली पंख्याखालची खुर्ची धरली की वार्षिक परीक्षेपर्यंत सोडत नाही. भोये सर बसायचेच नाहीत. तुमच्याशी बोलायला सुरुवात तुमच्या डाव्या हाताला करायचे आणि वाक्य उजव्या हाताला संपवायचे. चहा अर्धा या बाकावर, अर्धा त्या बाकावर. "एका जागेवरून बघितलं की सगळं खोटं दिसतं, सर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जेवताना काय करत होते देव जाणे. वर्गात मात्र पोरांच्या माना दुखायच्या, हे मला पोरांनीच सांगितलं होतं.

नुकतं दोन हजार साल उलटलं होतं. सरांनी कुठून तरी एक वापरलेला कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला होता, आणि त्यावर जुने फोटो साफ करायचे हा त्यांचा नवा नाद होता. आमच्याकडचा पाऊस फोटोंना जगू देत नाही. काचेला चिकटतात, बुरशी धरते, चेहऱ्यांवर पिवळे डाग चढतात. सर घरोघर जाऊन लग्नाचे फोटो मागून आणायचे आणि बदल्यात साफ करून द्यायचे. लोक खूश होऊन द्यायचे आणि परत मिळाल्यावर संतापायचे. कारण सर फक्त मागची बाजू साफ करायचे. मागची भिंत काल सारवल्यासारखी लख्ख, खांबावरचा खिळासुद्धा दिसतोय, आणि पुढे नवरदेवाच्या नाकावर बुरशी होती तशीच. कुणी तक्रार केली तर म्हणायचे, "तुमचं नाक तुमच्याजवळ आहे की. माझं घर कुठाय?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. एस.टी. डेपोकडून बाजारात वळताना मारुतीचं देऊळ लागतं, त्याच्या अगदी समोर सरांचं घर होतं. वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. मातीच्या भिंती, पुढे ओटा, ओट्याला पायऱ्या, एक लाकडी खांब. मुद्दाम बघावं असं काही नव्हतं. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा सरांनी सगळ्यात आधी सही केली, कारण रस्ता हवा असं त्यांचं मनापासून मत होतं. पाडायच्या आधी मापं घेऊन ठेवू म्हणाले, आणि नेमके तेव्हाच बायकोच्या, म्हणजे आमच्या इंदूवहिनींच्या डोळ्यांसाठी नाशिकला धावावं लागलं. परत आले तेव्हा तिथे खडी पडली होती.

आता घर नाही, मापं नाहीत, पण फोटो होते. कारण आमच्या भागातला नवरदेव मारुतीला पाया पडल्याशिवाय मांडवात जात नाही. तो जीपमधून उतरला की फोटोवाला देवळाच्या पायरीवर चढून फोटो काढणार, म्हणजे नवरदेवाच्या मागे भोये सरांचं घर येणार. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या कितीतरी लग्नांत हे घर न बोलावता हजर होतं. सर ते गोळा करत होते.

"नाकासमोर बोट धरा," एकदा त्यांनी मला फर्मावलं. "डावा डोळा मिटा. आता उजवा. बोट हललं? मागचं झाड हललं?"

"थोडंसं."

"झालं! जवळचं जास्त हलतं, लांबचं कमी. दोन फोटोवाले दोन जागी उभे राहिले की हेच होतं. खांबाचं टोक या फोटोत कुठे, त्या फोटोत कुठे, हे मी कॉम्प्युटरला दाखवतो. अशा पुष्कळ खुणा दाखवल्या की तो सांगतो, खांब इथे, पायरी तिथे. फोटोवाला कुठे उभा होता तेही सांगतो."

मी अर्थातच हसलो. एका फोटोच्या बाबतीत कॉम्प्युटरनं फोटोवाला चक्क हवेत उभा केला, तेव्हा तर सगळी शाळा हसली. सर मात्र तडक त्या नवरदेवाच्या मामाला गाठून आले. फोटोवाला जीपच्या बॉनेटवर चढला होता, बॉनेटला पोचा पडला होता आणि मांडवात त्यावरून मारामारी व्हायची राहिली होती. सरांना एवढा आनंद झाला की ते शिक्षकांच्या खोलीत उड्या मारायचेच बाकी होते.

पण हे सगळं कशासाठी, हा माझा प्रश्न होता. सनसेट पॉइंटच्या वाटेला त्यांच्या नव्या घराचं काम चाललं होतं. भिंती झाल्या, पत्रे चढले, आणि ओट्यापाशी सरांनी काम थांबवलं. जुन्या ओट्यासारखाच ओटा हवा, पायरी तेवढीच, खांब तिथेच. दाभोशाचा लक्ष्मण गवंडी डोक्याला हात लावून बसला होता. "पाऊस आला म्हंजे मी लावणीला जाईन," तो मला म्हणाला, "मग सरांनी नि त्या टीव्हीनं बांधावा ओटा." मलाही वाटलं, हा माणसाचा हट्ट आहे, दुसरं काही नाही.

तेच सांगायला मी त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. सर नव्हते, ते कधीच नसायचे. इंदूवहिनी खाटेवर बसून होत्या. साखरेच्या आजारानं त्यांची दृष्टी हळूहळू गेली होती. जुन्या घरी त्या ओट्यावर मशीन मांडून ब्लाउज शिवायच्या. आमच्या घरातले सगळे त्यांनीच शिवलेले. "बसा भाऊजी, चहा टाकते," म्हणत त्या उठल्या आणि त्यांची नडगी स्टुलावर आपटली. मग दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. मी म्हटलं, राहू द्या. त्या मुकाट्यानं परत येऊन बसल्या.

"तिकडं मी सगळं करत होते हो," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी दिसत नव्हतंच मला. पण पायांना ठाऊक होतं घर. पाणी आणत होते, शिवत होते. बाजारातल्या बायकांना कळलंसुद्धा नाही की ही आंधळी झालीय. इथं आल्यावर कळलं. आधी मलाच."

मी चहा न घेता घरी आलो. मला फार वाईट वाटलं होतं, आणि त्या दिवसापासून मी ओट्यावरून विनोद करणं बंद केलं. शक्य तेवढं बंद केलं.

सगळं जमत आलं होतं, एकच अडचण होती. फोटोंवरून घराचा आकार निघत होता, मोठेपणा निघत नव्हता. कॉम्प्युटरच्या मते ते घर खरं घरही असू शकत होतं आणि काड्यापेटीएवढंही. फोटोतल्या एखाद्या वस्तूचं खरं माप मिळालं की बाकी सगळी मापं सुटणार होती. सरांनी वस्तू निवडली ती नवरदेव! मग काय विचारता. बाजाराच्या दिवशी सर भर गर्दीत पोराबाळांच्या बापांना भिंतीला टेकवून मोजायला लागले. प्रत्येकाची मापं वेगळंच घर दाखवत होती. कुणाच्या हिशेबानं पायरी वीतभर, कुणाच्या हिशेबानं गुडघ्याएवढी.

शेवटी मोखाड्याकडच्या एकानं खुलासा केला. मी तिथेच भाजी घेत होतो.

"लग्नात पायात काय होतं तुझ्या?" सर विचारत होते.

"बूट व्हतं. पन माझं नाय. आमच्या पाड्यात एकच जोडी. ज्याचं लगीन त्यानं घालायची. सोमाच्या काकानं मुंबयहून आनली व्हती."

"टाच केवढी होती?"

"पयल्यांदा चांगली उंच व्हती. माझ्यापरेंत येता येता झिजली ना सर!"

दुसरा कुणी असता तर त्यानं कपाळावर हात मारला असता. सरांचे डोळे चमकले. कुणाचं लग्न आधी, कुणाचं नंतर, टाच दर लग्नाला किती झिजली असेल, याचं गणित त्यांनी तिथेच वांग्यांच्या पाटीशेजारी तोंडी सुरू केलं. मिळेल त्या जीपला लटकून ते बुटांच्या शोधात त्या पाड्यावर गेलेसुद्धा. एका बुटात कोंबडी अंड्यावर बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती. दुसरा बूट कुत्र्यानं नेला होता. सरांनी कोंबडीसकट टाच मोजली.

त्या मापानं लक्ष्मणनं पायऱ्या बांधल्या. सर वहिनींना रिक्षातून घेऊन आले. मी आणि बायकोही गेलो होतो. वहिनी न चाचपडता झपझप पुढे झाल्या, अगदी बाजारातून पिशवी घेऊन घरी आलेल्या बाईसारख्या, आणि दुसऱ्या पायरीला त्यांचा पाय अडकला. त्या पालथ्या पडल्या. हाताला खरचटलं. बायकोनं धरून उठवलं तर म्हणाल्या, "छान झालंय हो सगळं. मला जरा खोलीवर नेता का?"

त्यांच्या आवाजातलं ते "छान" मला अजून ऐकवत नाही. त्यांना रिक्षात बसवून सर मागे आले, लक्ष्मणच्या हातातली पहार घेतली आणि पायऱ्या फोडायला लागले. लक्ष्मण म्हणाला, "सर, माझ्याकडं द्या." त्यांनी दिली नाही. घामानं डबडबले, हाताला फोड आले, तरी थांबेनात. पाऊस तोंडावर आला होता, आणि लक्ष्मणच्या घरून बोलावणी येत होती. हे आता जमत नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा सरांच्याही तोंडावर दिसलं.

खोलीवर पोचलो तरी ते बडबडत होते. नवरदेव बदलतात, बूट झिजतात, जीपची चाकं बदलतात, त्या फोटोंतलं काहीच जसंच्या तसं राहिलं नाही. वहिनी खाटेवर हाताला हळद लावून घेत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, माझं मशीन दिसतं का त्यात?"

"दिसतं की. सगळ्या फोटोंत."

"मग ते आहे ना या खाटेखाली."

सर जागच्या जागी उभे राहिले. ही घटना मी आधी कधी पाहिली नव्हती. मग ते गुडघ्यांवर बसले, चादरीत गुंडाळून आडवं घातलेलं मशीन त्यांनी खाटेखालून ओढून काढलं, आणि त्याच्या लोखंडी पायांवरून हात फिरवत राहिले.

मशीनचं माप मिळालं आणि पुढचं पटापट झालं. वीज जाईल तेवढा वेळ शिव्या आणि येईल तेवढा वेळ काम. लक्ष्मणनं लावणी भावावर टाकली. ओटा उभा राहिला, खांब बसला, मशीन जुन्या जागी ठेवलं.

या खेपेला वहिनी सावकाश आल्या. अंगठ्यानं पहिली पायरी चाचपली. मग दुसरी. वर आल्या, हात न लांबवता त्यांचा तळवा खांबावर पडला. तिथून वळल्या आणि मशीनमागे जाऊन भिंतीला पाठ लावून बसल्या. पाय आपोआप मशीनच्या पायट्यावर गेले. माझ्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मीही खाली बघत होतो.

वहिनींचा हात मात्र पाठीमागच्या भिंतीवर फिरत होता. डाव्या खांद्यामागे, वर, खाली, पुन्हा वर. "अहो," त्या म्हणाल्या, "इथला कोनाडा कुठाय?"

सर गोंधळले. "कोनाडा? तिथे कोनाडा नव्हता."

"होता. मीच खणला होता."

"एकाही फोटोत नाही, इंदू. सगळे तपासलेत मी." मग त्यांनीही भिंतीला हात लावला. "तेवढीच जागा कॉम्प्युटरला काढता आली नाही. भिंत सरळ धरून चाललो. प्रत्येक फोटोत तिथे तू बसलेली आहेस."

"प्रत्येक फोटोत?" वहिनी हसल्या. "मग तुम्ही कुठं आहात?"

"मी नाही. एकातही नाही," सर म्हणाले.

"म्हणूनच माहीत नाही तुम्हाला. तुमचा चहा झाकून ठेवायची मी त्यात. तुम्ही येईपर्यंत."

"मला वाटायचं तू आतून आणतेस."

लक्ष्मणनं कुणी न सांगताच छिन्नी-हातोडी उचलली होती. भिंतीचा गिलावा अजून ओला होता. "कितीसा फोडू?" त्यानं विचारलं. वहिनींनी भिंतीवर पंजा टेकवून जागा दाखवली आणि म्हणाल्या, "कप मावेल एवढा."

सर वहिनींच्या शेजारी ओट्यावर टेकले. "दोन कप मावतील एवढा कर," ते लक्ष्मणला म्हणाले.