बोटाने सरकणारा रस्ता

आडबंदरच्या देवळात ग्रामसभा भरली होती आणि सरपंच गुरुदासने जन्मात पहिल्यांदाच शर्ट आत खोचला होता. कारणही तसंच होतं. जिल्ह्याचा विकास आराखडा करणाऱ्या कंपनीचा सिद्धेश नावाचा तरुण अधिकारी लॅपटॉप घेऊन आला होता. जेटीवर शीतगृह आणि तिथून थेट हायवेला भिडणारा रुंद रस्ता, असा प्रस्ताव होता. आज ठराव झाला नाही, तर हे सगळं खाडीपलीकडच्या गावाला जाणार होतं.

गुरुदासचा जीव त्या रस्त्यात अडकला होता. त्याच्या होडीला बांगडा भरपूर लागायचा, पण गावच्या बोळातून ट्रक काही आत येत नसे. मासळी रिक्षाने मालवणात पोचेपर्यंत भाव पडलेला असायचा आणि उरलेला बांगडा माडांच्या मुळाशी खत म्हणून जायचा. "ह्यो रस्तो झालो काय आपलो बांगडो गोव्याच्या बांगड्याच्या आधी बाजारात!" असं सांगत तो घरोघरी हिंडला होता.

सिद्धेशने पांढऱ्या चादरीवर चित्रफीत लावली. "या पायाभूत सुविधांमुळे आपल्या प्रदेशाची आर्थिक स्पर्धाक्षमता वाढेल," तो म्हणाला. शब्द कुणाच्या डोक्यात शिरले नाहीत, पण चादरीवर काळाभोर रस्ता उलगडत गेला, त्यावरून एक ट्रक सुळकन पुढे आला आणि अख्खा सभामंडप श्वास रोखून बघत राहिला.

तेवढ्यात सुभद्राकाकी उठल्या. गावात वयाने सगळ्यात मोठ्या त्याच.

"बाबू, चित्र झ्याक आसा. पण माझा खळा खंय? मी थंय कोकमाची सोलां वाळत घालतंय."

काकींचं खळं, म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण, रस्त्याखाली गेलं होतं. सिद्धेश पडला सालस मुलगा. "एवढंच ना काकी?" म्हणत त्याने माउस हलवला आणि रस्ता उचलून बाजूला ठेवला.

त्याचं चुकलं ते इथेच. ज्या गावात विजेचा वाकलेला खांब सरळ करून घेताना लोकांच्या चपला झिजल्या होत्या, तिथे सरकारचा रस्ता एका बोटाने सरकला होता. "अगे बाय माझे!" बायकांनी गालावर हात ठेवले. पुरुष उठून चादरीजवळ गेले.

"सायबानू," शंकर पुढे झाला. गावातली निम्मी भांडणं लावायची आणि उरलेली मिटवायची, हा त्याचा उद्योग. "आता रस्तो माझ्या फणसार इलो. कापो फणस आसा. जरा पलीकडे घेवा."

रस्ता पलीकडे गेला. सभेने पुन्हा आ वासला. मग कुणाचा गोठा निघाला, कुणाची विहीर निघाली. ज्यांचं काहीच जात नव्हतं, तेसुद्धा रस्ता सरकताना बघायला मिळावा म्हणून हरकत घेऊ लागले.

गुरुदासला घाम फुटला. "अरे मेल्यांनो, रस्तो आसा काय सुतळी?"

"तू गप रव, गुरुदासा," शंकर म्हणाला. "सायबाक त्रास नाय, तुका कित्याक? आणि सायबानू, राखणदाराची वाट अडवल्यात तुम्ही. तो देवळापासून खाडीपर्यंत हयसूनच फिरता."

गाव राखणाऱ्या त्या देवाचं नाव निघताच सगळ्यांचे हात जोडले गेले. सिद्धेशने हरकतींची यादी उघडली. "त्यांची हरकत लेखी आली आहे का?"

"तो लिवणा नाय," शंकर शांतपणे म्हणाला. "तो दाखयता."

सिद्धेशने निमूटपणे रस्ता सरकवला.

आता कुणी हरकत न घेतलेली एकच जागा उरली होती. रस्ता तिथून सरळ घुसला. गुरुदासच्या बायकोने, मथुराने, त्याचा दंड घट्ट धरला. "अवो, ट्रक आपल्या पडवीतसून गेलो!"

गुरुदासने पाहिलं. त्याच पडवीत बसून त्याचे वडील समुद्राचा रंग बघायचे आणि होडी काढायची की नाही ते ठरवायचे. आता तोही तिथेच बसायचा. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं आणि त्याला खरंच गलबलून आलं. रस्ता हवाच होता. पण पडवी?

तो उभा राहिला आणि ठेवणीतलं मराठी काढून म्हणाला, "साहेब, या ठिकाणी एक छोटंसं वळण दिल्यास आर्थिक स्पर्धाक्षमतेला बाधा येईल का?"

"नाही," सिद्धेश थकून म्हणाला. "आता ती राहिलीच कुठे?"

त्याने वळण दिलं आणि चित्रफीत पुन्हा लावली. उंचावरून गाव दिसू लागलं. माडांच्या सावलीतून लाल बोळ नागमोडी खाडीपर्यंत गेला होता, कौलांवर ऊन पडलं होतं, काकींचं खळं होतं, शंकरचा फणस होता. ट्रक मात्र शिवेवरच थांबला होता. तो आत मावत नव्हता. पण ट्रककडे बघायला वेळ होता कुणाला? जो तो आपलं घर शोधत होता आणि सापडलं की हरखून शेजाऱ्याला दाखवत होता.

सुभद्राकाकींनी तर हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "काय सुंदर गाव! बाबू, ह्या सगळा बांधतले कधी?"

सिद्धेशने गावाचा आजचा फोटो त्या नकाशावर ठेवून पाहिला. केसाचाही फरक नव्हता.

"काकी," तो शेवटी म्हणाला, "बांधून झालंय."

"येवढ्या बेगीन?" काकी थक्क झाल्या.

ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. सगळ्यात आधी वर गेलेला हात गुरुदासचा होता. तो खाली येतो न येतो तोच जेटीवरून फोन आला. बांगडा आला होता, टोपल्या भरून. गुरुदासने शर्ट बाहेर काढला आणि तो रिक्षा शोधायला निघाला.