उगवतीकडं पाय

शांतवनमामा आजाऱ्याला भेटायला आले की ताप किती, औषध कुणाचं, असलं काही विचारत नसत. आधी खाट बघत. आजाऱ्याचे पाय उगवतीकडं नसले तर माणसासकट खाट उचलून फिरवत. माझ्या सासूबाईंना त्यांनी एकाच तापात दोनदा फिरवलं. दुसऱ्या खेपेला सासूबाई ओरडल्या, "अरे मेल्या, जिवंत आहे मी अजून!"

"व्हय की," मामा म्हणाले. "पण सवय असू द्या."

मामा कुणाचे सख्खे मामा नव्हेत. सोलापुरातल्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत कबरी खणायचं काम त्यांच्याकडं. चर्चची घंटाही तेच वाजवत. प्रभू येशू परत येणार, उगवतीकडून येणार, आणि त्या दिवशी कबरीतली सगळी माणसं उठून उभी राहणार, हे वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर आमच्यात मेलेल्याचे पाय पूर्वेला ठेवतात. उठला की समोर प्रभू. पण आम्ही हे रविवारी ऐकायचो आणि सोमवारी ज्वारीच्या भावावरून भांडायला मोकळे. मामांना मात्र तो दिवस उद्या-परवावर आलेला. घराच्या दाराला कडी म्हणून नाही. "धनी दारात आन मी कडी काढत बसू का?" एकदा चोरानं तांब्या नेला, तर म्हणतात कसे, "त्यो न्हवता त्यो. त्यानं हाक मारली असती."

अशा या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपल्या मेलेल्या बायकोच्या, सारजाबाईच्या, पायाशी कबरीची जागा. शेजारी नको, उशाशी नको, बरोबर पायाशी. आणि ती जागा नेमकी कबरस्तानातल्या पायवाटेवर! पंच म्हणाले, "वाट अडते, मिळणार नाही." मामांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी खणायला घेतलं. सोलापूरची जमीन म्हणजे वर वीतभर माती नि खाली खडक. पुरुषभर खड्डा व्हायला त्यांना कितीतरी महिने लागले. वर फळ्या टाकून ठेवल्या, तर पाळकसाहेबांची शेळी फळ्यांतून आत! शेळी वाचली, पण साहेब भयंकर तापले.

"शांतवन, हे आत्ताच्या आत्ता बुजव!"

"बुजवा की, साहेब. मला आत ठिवा आन बुजवा."

पंचांनी हात टेकले. तेव्हापासून दर शनिवारी मामा आपल्या कबरीत उतरायचे, पालापाचोळा काढायचे, जरा आडवे होऊन बघायचे. "ऐसपैस हाय," वर येऊन सांगायचे, भाड्याची खोली बघून आल्यासारखं.

माझी जीभ जरा तिखटच. एकदा म्हटलं, "मामा, पायाशीच कशाला? जन्मभर बायकोच्या पाया पडलात, ते पुरलं नाही का?"

एरवी हसले असते. त्या दिवशी पहार टेकवून खाली बसले.

"बाई, मानमोडीच्या तापात माणसं पटापट जात हुती. पेट्या कुठनं आणायच्या? गिरणीतल्या खोक्यांच्या फळ्या ठोकायचो. दोनी टोकं सारखीच दिसायची. सारजाची पेटी मीच ठोकली. फुटकी फळी पायाकडं, अशी खूण धरली हुती. मलाबी ताप हुता. पुरून घरी आलो, भिताडाला टेकलो, आन आठवलं. खड्ड्यात सोडली तवा फुटकी फळी उगवतीकडं न्हवती. उलटी ठिवली मी तिला."

साथीतली कबर उकरायला सरकारची बंदी. पाळकसाहेबांनी समजूत घातली, प्रभू चहूकडून दिसेल. मामांना ते पटेना. सारजाबाईची मान गिरणीत वाकून वाकून धरलेली. हाक मारली की अख्खी फिरायची, तीही सावकाश.

"सगळी त्याच्याकडं पळत्याल, आन ही एकटी कबरस्तानाच्या भिताडाकडं तोंड करून हुभी. वळंस्तवर त्यो निघून गेला म्हंजे?"

म्हणून पायाशी. मामा रीतसर पुरले गेले की त्यांचं तोंड उगवतीकडं, तिचं मावळतीकडं. उठल्यावर दोघं समोरासमोर. "पैला मीच दिसंन तिला. मग सांगतो की, अगं, मागं बघ."

मला हसायचं होतं. हसू आलंच नाही.

त्याच उन्हाळ्यात वस्तीत पटकी शिरली. आमचा योना, सव्वा वर्षाचं पोर, सकाळी अंगणात खेळला आणि दुपारी गेला. त्याचे वडील, आमचे मास्तर, शाळेच्या परीक्षेसाठी करमाळ्याला गेलेले. त्यांची वाट बघायची सोय नव्हती. पटकीचं मढं दिवस मावळायच्या आत पुरायचं, असा नियम. आणि पुरायचं कुठं? उन्हानं जमीन अशी कडक झालेली की पहार आपटली की ठिणगी उडायची. मामा खणत होते, खणत होते, तरी गुडघाभरसुद्धा होईना. मी लेकराला पदरात घेऊन निंबाखाली बसले होते आणि सारखी एकच गोष्ट बडबडत होते, "उथळ नको हो मामा. कुत्री उकरतील."

मामांनी पहार टाकली. घाम पुसला. आपल्या खड्ड्यापाशी गेले आणि एकेक फळी बाजूला काढायला लागले.

"शांतवन," पाळकसाहेब म्हणाले, "अरे, तुझी जागा ती."

"पोराला खोल पायजे, साहेब."

मी नको म्हणायला हवं होतं का? मला नाही वाटत. त्या घडीला मला दुसऱ्या कुणाची पर्वाच नव्हती. माझं लेकरू खोल, सुरक्षित हवं होतं, बस्स.

मामा स्वतः आत उतरले. योनाला हातात घेऊन खाली ठेवलं, पाय उगवतीकडं केले, पुन्हा नीट केले. मग त्या पुरुषभर खड्ड्यातून मान वर करून त्यांनी मला विचारलं, "बोलत हुता का ओ?"

"आई म्हणायचा," मी म्हटलं. "तेवढंच यायचं त्याला."

मामांनी सारजाबाईच्या बाजूच्या मातीवर हात ठेवला. सारजाबाईची कूस कधी उजवली नव्हती, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

"मग ती काय मागं बघत न्हाय आता," ते म्हणाले. "समोर लेकरू उठून आई म्हणालं, तर कोण बाई मान फिरवंल?"

पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं होतं. मामांनी खालूनच त्यांच्याकडं बघितलं.

"साहेब, प्रार्थनेत एवढं घाला. त्यालाच म्हणावं, जरा वळसा घालून तिच्या म्होरनं ये."