बळीरामजींचं काळीज टीव्हीवर आलं तेव्हा

प्रीतीचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. उकाड्यानं नवरदेवालाच मांडवात घेरी आली होती, त्यामुळे आमच्या सक्करदऱ्यात ते वर्ष कोणी विसरत नाही. त्याच वर्षी बळीरामजींना घड्याळ आलं.

प्रीती ही बळीरामजींची नात. लग्नानंतर ती पुण्याला गेली आणि तिथून तिनं आजोबांना हे घड्याळ पाठवलं. वेळ दाखवणं हा त्या घड्याळाचा जोडधंदा! मुख्य काम मनगटावर बसून काळजाचे ठोके मोजायचं. आकडा घड्याळावर दिसे, बळीरामजींच्या फोनवर दिसे, आणि काळीज फारच धावायला लागलं तर घड्याळ थेट पुण्याला प्रीतीकडे चहाडी करी.

बळीरामजींची उभी हयात बस चालवण्यात गेली होती. अक्षरं ते चाळिशीनंतर शिकले, म्हणून लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा पुरता विश्वास. घड्याळावर 'श्वास घ्या' अशी अक्षरं उमटली आणि खाली एक निळं फूल हळूहळू फुलायला लागलं, तेव्हा त्यांनी आधी हात जोडले!

"इंदू, पाहय वं! माह्या मनात काय चालून राहिलं, याले समजते!"

"मग त्यालेच विचारा, दळण आणाचं काहून विसरले ते!" आतून इंदूबाई गरजल्या.

इंदूबाईंचा आवाज असा, की त्यांनी अंगणातून भाजीवाल्याला हाक मारली तर तळ्यावरचे बगळे उडावेत. पण बळीरामजींचं तिकडे लक्ष कुठे? ते ओसरीवर मांडी घालून बसले, फुलाबरोबर श्वास घेतला, फुलाबरोबर सोडला. आकडा उतरत उतरत एकसष्टवर आला. बळीरामजी बघतच राहिले! सत्तर वर्षं आत बसून मुकाट काम करणारं काळीज आज पहिल्यांदा त्यांना तोंड दाखवत होतं.

आता एवढं मोठं आश्चर्य एकट्यानं किती दिवस बघायचं?

वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी आनापान असे, म्हणजे नुसतं आपल्या श्वासावर लक्ष ठेवून बसणं. पुढच्या गादीवर बसून ते बळीरामजी घेत. नियमही त्यांचाच, आणि फार कडक. त्यांनी घंटा वाजवली की मौन सुरू. त्यांनीच दुसऱ्यांदा वाजवेपर्यंत कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, मग वरून छत येवो! एकदा पहिल्या रांगेतल्या आनंदरावांच्या धोतरात मुंगळा शिरला होता, तरी बळीरामजींनी घंटा वाजवली नव्हती. आनंदराव ती गोष्ट विसरले नव्हते.

"या रविवारी मी माहं काळीज टीव्हीवर दाखवतो," बळीरामजींनी जाहीर केलं. "श्वासानं आकडा कसा खाली येते, डोळ्यानं पाहा!"

"आणि नाही आला तं?" आनंदरावांनी विचारलं.

"कसा नाही येत?"

"समजा गा! दुसरी घंटा वाजली तवा आकडा सत्तरच्या वर असला तं?"

"तं पुढची गादी सोडली समजा!"

झालं! बळीरामजींना त्या गादीसारखं प्यारं दुसरं काही नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या पाठीमागे नुसते प्रवासी बसले. समोर बसून कोणी त्यांचं ऐकतं, ती जागा जगात हीच एक.

रविवारी विहार गच्च भरला. विहाराचं काम पाहणाऱ्या धम्मानंदनं बळीरामजींचा फोन टीव्हीला जोडून दिला. पडद्यावर टरबुजाएवढा आकडा उगवला, अडुसष्ट!

"वा बाप्पा!" सगळे म्हणाले.

बळीरामजींनी घंटा वाजवली. मौन सुरू झालं. डोळे मिटायचे होते, पण त्या दिवशी अख्ख्या विहारात डोळे मिटलेले होते ते फक्त समोरच्या बुद्धमूर्तीचे. खुद्द बळीरामजींनी एक डोळा किलकिला केला. बहात्तर.

बहात्तर? त्यांनी लांब श्वास घेतला. अठ्ठ्याहत्तर! श्वास सोडला. पंच्याऐंशी! आकडा बघितला की काळीज धावे, काळीज धावलं की आकडा चढे. उतारावर ब्रेक निकामी झालेल्या बसमध्ये बसल्यासारखं त्यांना झालं. फरक एवढाच, की बसही तेच होते!

घंटा हाताशी होती. पण आत्ता वाजवली तर गादी गेली. आकडा सत्तरखाली येईल तेव्हाच वाजवू, असं त्यांनी ठरवलं. शंभर झाले. लोकांचे गुडघे दुखू लागले. एकशे बारा झाले. आनंदरावांच्या चेहऱ्यावर इतकी शांती पसरली, की खरं आनापान त्या एकट्यालाच साधलं होतं.

आणि घड्याळानं पुण्याला चहाडी केली.

फोन वाजला. टीव्हीवर आकडा जाऊन लग्नाच्या फोटोतली प्रीती आली, हळदीच्या गालांनी हसत. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग बळीरामजींकडे. पण मौन! बळीरामजी दगडासारखे बसून राहिले. फोन थांबला, आकडा आला, एकशे चोवीस. परत प्रीती. परत आकडा. एकशे एकतीस!

आजोबांचं काळीज घोड्यासारखं धावतंय आणि आजोबा फोन उचलत नाहीत! तिकडे प्रीतीनं रडत आजीला फोन लावला. इंदूबाई भजी तळत होत्या. गॅस बंद केला, पिठाच्या हातानंच चौकात धावल्या आणि तिथली ॲम्ब्युलन्स घेऊन विहाराच्या दारात उतरल्या.

"अवो! जिते आहात का?"

बळीरामजींनी डोळे उघडले आणि मुकाट घंटेकडे बोट दाखवलं. एवढं झालं तरी माणूस नियम मोडेना! इंदूबाईंनी घंटा उचलली आणि अशी बडवली, की ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन आत आला.

"पेशंट कौन है?"

"कोणी नाही!" बळीरामजींना कंठ फुटला. "घड्याळच खराब आहे! म्हणून आकडा चढला!"

"माह्या नातीनं पाठवलेलं घड्याळ खराब?" इंदूबाई कडाडल्या. "आणा इकडं!"

त्यांनी घड्याळ हिसकून आपल्या मनगटाला बांधलं आणि एकेकाला धरलं. "धम्मानंद, म्हाताऱ्याचं काळीज काय क्रिकेटची मॅच आहे, टीव्हीवर लावाले? आणि आनंदराव, तुम्ही! मुंगळ्याचा राग माणसावर काढता? लाज नाही वाटत? आणि तू रे, ते स्ट्रेचर कोणाच्या पायावर ठेवून राहिला!"

सगळे खाली मान घालून ऐकत होते. एकटे बळीरामजी टीव्हीकडे बघत होते. हळूहळू सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

चौसष्ट.

इंदूबाई ओरडत होत्या, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, आणि आकडा चौसष्टवर असा बसला होता, जसं सकाळी वारा नसताना सक्करदऱ्याचं तळं. इंदूबाईंनी मधेच प्रीतीला फोनवर रागावून घेतलं. त्रेसष्ट!

विहारात इतकं खरं मौन त्याआधी कधी झालं नव्हतं. आनंदराव उठले, पुढची गादी दोन्ही हातांनी झटकली आणि इंदूबाईंसमोर ठेवली. बळीरामजी तिच्यावरून आधीच उतरले होते. घड्याळ चांगलं होतं, हे आता टीव्हीवर लिहिलेलं होतं.

घरी परतताना त्यांनी हळूच विचारलं, "इंदू, इतलं ओरडून तुहं काळीज जागचं हलत नाही. कसं वं?"

"मी कुठं ओरडली?" इंदूबाई म्हणाल्या. "मी तं बोलून राहिली होती!"

पुढच्या रविवारपासून आनापान त्या घेऊ लागल्या. "श्वास घ्या! अवो आनंदराव, जांभई नाही, श्वास!" बळीरामजी आता तिसऱ्या रांगेत बसत. बायकोच्या मनगटावरचा आकडा लांबून वाचायला त्यांनी नवा चष्मा करून घेतला. आणि गंमत म्हणजे, स्वतःचा आकडा दिसेनासा झाल्यापासून त्यांना बसल्या बसल्या झोप लागू लागली.

घड्याळ वारलं ते बावीस मे दोन हजार चोवीसला, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी. सगळ्या वस्तीची खीर ढवळताना इंदूबाईंच्या मनगटावरून निसटून उकळत्या गंजात, म्हणजे त्या भल्यामोठ्या पातेल्यात, पडलं. त्या वेळी त्या दूधवाल्याला झापत होत्या. बळीरामजींच्या फोनवर शेवटचा आकडा आला तो बासष्ट.