दिगंबरने पास केलेली एकच शाळा

समस्त ग्रामस्थ, कंपनीतील सहकारी आणि चहाप्रेमी नागरिक यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या घरचा चहा नापास झाला आहे. निर्णय अंतिम आहे. त्याविरुद्ध अपील करण्याची सोय नाही, कारण निर्णय देणारा माणूस वाद घालत नाही. तो खिशातून लाल मार्कर काढतो आणि बशीच्या कडेला फुली मारतो. ती फुली गरम पाण्यानेही जात नाही. माझ्या बायकोला, शोभाला विचारा, तिने तीन बश्या घासून पाहिल्यात.

हा माणूस म्हणजे दिगंबर. रांजणगावच्या एमआयडीसीत आम्ही एकाच कंपनीत. मी स्टोअरला, तो क्वालिटीला. आमच्याकडे गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारे छोटे लोखंडी भाग तयार होतात. दिगंबर गेली चौदा वर्षं तो भाग उचलतो, व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने, मापतो आणि तीनपैकी एक शब्द बोलतो. ‘ओके’, ‘रिवर्क’ किंवा ‘रिजेक्ट’. ओके म्हणजे गाडीत चढवा, रिवर्क म्हणजे दुरुस्त करून आणा, रिजेक्ट म्हणजे माझ्या नजरेसमोरून हलवा.

इथपर्यंत तक्रार नाही. तक्रार ही की, कंपनीची शिफ्ट संपते, पण दिगंबरची संपत नाही. दौंडला भाच्याच्या लग्नात पंगतीला बसला आणि व्हर्नियर काढून त्याने जिलबीची जाडी मापली. “एका ताटात तीन साईज? रिवर्क!” आचारी झारा घेऊन मांडवाबाहेरपर्यंत त्याच्या मागे आला होता. कारेगावच्या न्हाव्याने तर दुकानातला आरसाच त्याच्यासाठी उलटा करून ठेवलाय. कल्ले दोन मिलिमीटर वरखाली आहेत हे कळूच नये म्हणून.

त्याची बायको मंगल मात्र त्याला पुरून उरली आहे. एकदा मी तिला सहज विचारलं, “वहिनी, तुम्हाला कोणता शेरा मिळाला?”

“मला बारा वर्षं झाली होल्डवर ठेवलंय,” ती म्हणाली. “आन् आता परत पाठवायची मुदत गेली म्हनून सांगा तुमच्या दोस्ताला.”

तर असा हा दिगंबर गेल्या वर्षी मुलीसाठी शाळा शोधायला निघाला. मुलगी एकच, आरोही, सहाव्या वर्षात. ती आधी दोन वर्षं कारेगावजवळच्या एका शाळेच्या लहान वर्गात जात होती. तिथून त्याने तिला काढलं. का, ते सांगितलं नाही. मी धरून चाललो की, शाळेची घंटा बेसूर असणार.

मग सुरू झालं इन्स्पेक्शन. शिरूरपासून कारेगावपर्यंत जेवढ्या शाळा होत्या, तेवढ्यांत हा गेला. दोन वेळा मला मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. एका शाळेत त्याने बाकाची उंची मापली. दुसऱ्या शाळेत आग विझवायच्या लाल नळकांड्यावरची तारीख वाचून दाखवली. ती वाचल्यावर प्राचार्यांना घाम फुटला. तिसऱ्या शाळेत प्राचार्यांनी विचारलं, “पालक म्हणून तुमच्या काय अपेक्षा?” तर दिगंबर म्हणाला, “जरा पहिलीच्या वर्गाकडून चक्कर मारून येतो, मग सांगतो.” गेला, पाच मिनिटांत आला आणि खुर्चीत न बसताच मला म्हणाला, “चला अण्णा. रिजेक्ट.”

अशा अकरा शाळा. कंपनीत त्याची चेष्टा सुरू झाली. “दिगंबर, पोरीला ऑक्सफर्डला टाक, जाताना व्हर्नियर घेऊन जा.” तो हसला नाही. एप्रिल संपत आला होता.

आणि एक दिवस तो दुपारच्या जेवणाला डबा न उघडताच माझ्यासमोर बसला. म्हणाला, “अण्णा, तुमच्या गावची शाळा ओके हाय.”

माझ्या हातातला घास ताटात पडला. एकतर दिगंबरच्या तोंडून ‘ओके’. तेही आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला!

पण शाळेला चांगली म्हणणारा तो काही पहिला नव्हता, आणि तिथेच सगळी अडचण होती. आमच्या शाळेची मुलं सुट्टी झाली तरी घरी जायला तयार नसतात. ही गोष्ट आसपास पसरली. आता मे महिना लागला की पार पाबळपासून गाड्या येतात. पहिलीच्या जागा तीस. आधी गावात राहणाऱ्यांची मुलं, मग उरलेल्या जागांवर बाहेरगावची, आणि बाहेरच्यांची यादी दोन पानं. दिगंबर राहतो कारेगावात, भाड्याने. म्हणजे दुसऱ्या पानावर, तळाला.

“त्या वस्तीवरच्या दोन खोल्या हायेत ना तुमच्या घरामागं?” तो म्हणाला. “भाडेकरार करून द्या. फक्त कागदावर.”

चौदा वर्षांत केसाएवढी चूक न सोडलेला माणूस मला खोटा पत्ता मागत होता. खरं तर मी इथे थांबायला हवं होतं. पण वाचकहो, मी गावच्या जत्रेतल्या नाटकांत वीस वर्षं कामं केली आहेत. माझ्या अंगात संचारलं. मी म्हणालो, “कागदावर भागणार नाही. शाळेच्या मॅडम घरी येऊन बघतात.”

आणि ते खरं होतं. त्याच्या आदल्या वर्षी एकाच खोलीच्या पत्त्यावर चार कुटुंबं राहत असल्याचं निघालं, आणि ती खोली म्हणजे कांदे साठवायची चाळ होती. तेव्हापासून मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, पहिलीलाही त्याच शिकवतात, स्वतः स्कूटरवरून प्रत्येक घरी जातात. न सांगता नाही. वार सांगतात, वेळ सांगत नाहीत. आमचा वार शनिवार होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी नेपथ्य उभं केलं. मागच्या खोलीत खाट, दोरीवर आरोहीचे फ्रॉक, मोरीत तीन नवे टूथब्रश, भिंतीवर पेन्सिलने तिची उंची. दिगंबर सगळं बघत फिरला, आरोही त्याच्या शर्टाचं टोक धरून मागे.

“ब्रश कोरडे हायेत. दात न घासता राहतो का आम्ही?”

ब्रश ओले केले.

“उंचीची एकच रेघ? पोरगी एका दिवसात वाढली व्हय?”

खाली आणखी दोन रेघा मारल्या. खोटं बोलण्यातही हा माणूस फुल्या मारत होता, पण प्रत्येक वस्तू पुन्हापुन्हा येऊन चाचपत होता. तो मला चेष्टेचा विषय वाटेना.

“एक राहिलं,” मी म्हणालो. “मॅडम आरोहीला काहीतरी विचारतील. तिला पढवून ठेव.”

मंगलने आरोहीला अंगणात पिटाळलं आणि ती फ्रॉकची घडी मोडून पुन्हा घालत बसली. दिगंबर खाटेवर टेकला.

“ती बाहेर बोलत न्हाई, अण्णा,” तो म्हणाला.

“म्हणजे लाजते?”

“न्हाई. बोलतच न्हाई. घरात तोंड बंद नसतं तिचं. उंबऱ्याबाहेर पाय पडला की संपलं. त्या शाळेत दोन वर्षं गेली, बाईंनी तिचा आवाज ऐकला न्हाई. शेवटी म्हनले, पोरगी मंद हाय, दुसरीकडं बघा.”

मला आठवलं, आरोही आमच्या घरी चार-पाच वेळा आली होती. प्रत्येक वेळी मी तिला गोळी दिली होती, तिने मान हलवली होती. मला वाटलं होतं, वळण चांगलं आहे.

“म्हणून एवढ्या शाळा?”

“तुम्हाला वाटायचं मी बाकं मापतोय. बाकं मापायच्या नावानं पहिलीच्या खिडकीपाशी उभा राहायचो. ज्या पोराला उत्तर येत न्हाई, त्याच्याकडं बाई कशा बघत्यात, तेवढंच बघायचं होतं. अकरा ठिकाणी बघितलं. एका ठिकाणी हसल्या, एका ठिकाणी पुढच्याला विचारलं, एका ठिकाणी ‘बस खाली’. तुमच्या गावात एक पोरगं असंच उभं होतं, गप. मॅडमपण गप. मी घड्याळ लावलं. दीड मिनिट त्या नुस्त्या थांबल्या, अण्णा. दीड मिनिट! मग पोरगं बोललं.”

आता माझ्यासारख्या बडबड्या माणसाने इथे निदान एकदा गप्प बसावं की नाही? पण मी नेपथ्यकार होतो, उद्याच्या प्रयोगाच्या काळजीत होतो. मी पटकन बोलून गेलो, “मग तर उत्तमच झालं! पोरीकडून काही फुटायची भीती नाही.”

दिगंबरने माझ्याकडे बघितलं. शेरा दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी साडेनऊला स्कूटर वाजली. आमचा कुत्रा टायगर मॅडमना ओळखतो, तो शेपटी हलवत पुढे गेला. मग दिगंबर ‘स्वतःच्या’ घरातून स्वागताला बाहेर आला आणि टायगर त्याच्यावर असा भुंकला की शेजारच्या मळ्यातली माणसं वर बघायला लागली.

“नवीन आहेत ना,” मी म्हणालो.

“करारावर तर मार्चपासून लिहिलंय,” मॅडम म्हणाल्या.

“कुत्रा जरा मंद आहे,” मी म्हणालो, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

मॅडमनी पाणी मागितलं. मागच्या खोलीत भांडी मांडायला मी विसरलो होतो, म्हणून मंगल लगबगीने पुढच्या घरातल्या आमच्या स्वयंपाकघरात गेली. एक कपाट उघडल्याचा आवाज आला. दुसरं उघडल्याचा. मग तिसरं. शोभा आत धावली. मॅडमच्या हातात रजिस्टर होतं, त्या भिंतीवरच्या पेन्सिलच्या रेघा बघत होत्या. दिगंबर दाराला चिकटून उभा, नजर फरशीवर. जिलबीच्या साईजवरून आचाऱ्याशी भिडणारा हा माणूस, त्याला एका बाईच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

मग मॅडम खाली बसल्या. सरळ फरशीवर, आरोहीच्या समोर. नाव विचारलं नाही, एक ते दहा म्हणायला लावलं नाही. म्हणाल्या, “या घरात तुला सगळ्यात जास्त काय आवडतं गं?”

आरोहीने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं.

मॅडमनी प्रश्न पुन्हा विचारला नाही. मान वाकडी केली नाही, हसल्या नाहीत, माझ्याकडे बघितलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. दारात पाण्याचा तांब्या घेऊन मंगल थिजली. बाहेर ट्रॅक्टर गेला, लांबपर्यंत ऐकू आला, बंद झाला. मी मनात म्हणत होतो, बास, आता उठा मॅडम, पोरगी बोलत नसते, सही करा. आणि मधूनच, का कोण जाणे, उलटंच वाटत होतं.

“हे आमचं घर न्हाई,” आरोही म्हणाली.

आवाज चांगला खणखणीत होता.

“आमचं घर कारेगावात हाय. तिथं पत्र्यावर मांजर येती, ती मला आवडती. हितं मांजर न्हाई. आन् हे ब्रश काल आणले अण्णांनी. काल पाणी लावून ठेवले, दात कुणीच घासले न्हाईत.”

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. मॅडमनी भाडेकरार मला परत दिला आणि मला जे सुनावलं ते मी इथे लिहिणार नाही. आरोहीचं नाव गावच्या यादीतून खोडलं आणि बाहेरच्या यादीत दुसऱ्या पानावर, तळाला लिहिलं. पंधरा दिवसांत दिगंबर टेम्पोत भांडी, गादी आणि मांजरासकट खरोखरच त्या दोन खोल्यांत राहायला आला. मॅडम पुन्हा येऊन बघून गेल्या. जूनच्या अखेरीस दोन कुटुंबं कंपनी बदलून चाकणला गेली, जागा रिकाम्या झाल्या, आणि गावात राहणारी म्हणून एक आरोहीला मिळाली.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या सकाळी एवढंच दिसत होतं की, खेळ संपला. जागा गेली. बारा शाळांतली एक पास झाली होती, तीही हातची गेली. मंगलच्या हातातला तांब्या कलंडून पाणी फरशीवर सांडत होतं. मॅडमनी रजिस्टर मिटलं, उठायला जमिनीवर हात टेकला आणि मान वर करून दिगंबरकडे बघितलं.

दिगंबर दारापासून सुटला. दोन पावलं पुढे आला. मला वाटलं, आता हा पाया पडणार, माफी मागणार, माझं नाव सांगणार. त्याचे डोळे भरले होते आणि तो लहान पोरासारखा हसत होता. मॅडमना उठू नका म्हणून त्याने दोन्ही हात पुढे केले आणि जवळजवळ ओरडलाच,

“मॅडम, अजून काहीतरी विचारा की तिला!”