दोन नगरांची स्वस्ताई आणि लाडूबाईंची चूल

तराजूच्या दोन्ही पारड्यांस दंडवत, आणि मधला कांटा जो आजवर सरळ उभा राहिला नाहीं त्यास दोन दंडवत अधिक. लिहिणें ऐसें जें, शके सतराशेंचा सुमार, खरनाम संवत्सर. खर म्हणजे गाढव कीं खर म्हणजे खरें, हें ज्याचें त्यानें पाहावें. त्या समयीं एका राज्यांत दोन नगरें होतीं, घाटाच्या वर थोरलें आणि घाटाखालीं धाकटें, आणि श्रीमंत महाराजांचे मनांत आलें कीं जें नगर राहावयास स्वस्त तेथें राजधानी करावी. मग निकाल लागेतों घाटमाथ्यावरच डेरे दिले, आणि चिमणाजीपंत गुळवे म्हणोन कारकून होते त्यांस बोलावून आज्ञा केली कीं, "एक महिना वर राहा, एक महिना खालीं राहा, मीठमिरचीपासून न्हाव्याच्या हजामतीपर्यंत भाव टिपा, आणि कोणतें स्वस्त तें आम्हांस सांगा." पंतांनीं मुजरा केला, घरीं आले, आणि बायको लाडूबाई यांस म्हणाले, "अगे, बोचकीं बांध." तीं जीं बांधलीं तीं सात वर्षें सुटलीं नाहींत.

आतां पंत बाजारांत निघाले कीं पुढें त्यांची दौत आणि मागें ते. दोन्ही नगरांस राजधानीची हांव, त्यामुळें माळणी एकमेकींस हाका मारीत कीं, "दौतवाला आला गं, वांगीं उतरव!" आणि पंतांची पाठ वळली कीं वांगीं पुनः चढत. मग ऐसी आवई उठली कीं धाकटें नगर स्वस्त निघालें, आणि थोरल्यांतील निमी प्रजा घाट उतरून खालीं आली, आणि त्या गर्दीनें खालची घरभाडीं दुप्पट जाहलीं, आणि वरचीं घरें ओस पडून स्वस्त जाहलीं, आणि मग सगळे उलटे वर धांवले, आणि वरचें महागलें. कावडीचें पाणी हिंदकळावें तैसी प्रजा हिंदकळत राहिली, आणि भाव ठरेनात म्हणोन पंतही दर महिन्यास नगर बदलून टिपत राहिले. एका सालीं तर घाटांत चढणारे आणि उतरणारे ऐसे दाटले कीं एक न्हावी वर जाणाऱ्याची अर्धी हजामत करी आणि उरलेली अर्धी तो खालीं येतांना करी. हें मीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, परंतु अर्धी मिशी राखलेला इसम पाहिला आहे.

ह्या सर्वांत लाडूबाईंचें एकच मागणें होतें, मातीची चूल. चूल घालावी तर माती मळावी, भाताचा तूस घालावा, सावलींत वीस दिवस वाळूं द्यावी, मग पोतेरें फिरवून विस्तव घालावा. आणि चूल वाळून तयार जाहली कीं दारीं गाडी उभी. ऐशा अकरा चुली बाईंनीं घातल्या आणि अकराही परक्यांच्या भाकरीस सोडून आल्या. मग तीन दगड मांडून रांधूं लागल्या. सात वर्षांत चौऱ्यायशीं वेळां घाट जाहला. शास्त्रीबुवा चौऱ्यायशींचा फेरा म्हणतात तो हाच असावा.

सातवें वर्ष सरलें तेव्हां पंत धाकट्या नगरीं होते. एके दुपारीं दफ्तर मांडून म्हणाले, "अगे, लागला निकाल! वर तांदूळ शेरास अडीच पैसे, खालीं शेरास दोन पैसे. धाकटें स्वस्त."

बाई दगडाखालचें लांकूड पुढें सारीत म्हणाल्या, "शेर कोणता?"

"शेर म्हणजे शेर!"

"वरचा शेर पक्का, खालचा कच्चा. वरच्या शेरांत माझ्या पांच वाट्या भरतात, खालच्यांत चार. वाटीस अर्धाच पैसा, वरही आणि खालींही."

पंतांचा चेहरा उतरला. "हें सात वर्षें सांगितलें नाहींस तें?"

"पुसलें कोणीं? इकडून दौत घेऊन बाजारीं जाणें होई, मी वाटी घेऊन जातें."

पंत ताडकन उठले आणि येरझारा घालूं लागले आणि म्हणाले, "कांहीं चिंता नाहीं. मापें एक करूं आणि पहिल्यापासून टिपूं. फार तर सात वर्षें अधिक! बांध बोचकीं, उद्यां वर जाऊं." बाईंनीं न भांडतां दगडाखालचें लांकूड मागें ओढलें. तेथेंच पंत चुकले. बायको भांडती आहे तोंवर भय नाहीं, हें कारकुनास ठाऊक नव्हतें.

दुसरे दिवशीं पहांटे डेऱ्यांतून हुजऱ्या आला कीं दफ्तर घेऊन हुजूर यावें. पंतांनीं पेटी उघडली तों रिकामी. परसांत धांवले, तेथें लाडूबाई कोंपरापर्यंत चिखलांत.

"अगे, माझें दफ्तर?"

"भिजवलें. कागदाचा लगदा मिसळला कीं चूल तडकत नाहीं. आमच्या माहेरीं ऐसेंच घालतात."

"सात वर्षांचे भाव गे!"

"ते खोटेच होते कीं नाहीं? लगदा तरी खरा आहे. उजेडांत उभे राहूं नये, कामावर सांवली पडती आहे."

मग पंत रिकाम्या हातीं घाट चढले. महाराजांनीं पुसिलें, "दफ्तर कोठें?" पंतांचे तोंडून निघोन गेलें, "महाराज, वाळतें आहे." "वाळावयास किती दिवस?" "वीस." महाराज थोर राजकारणी, न समजलेलें कबूल करणें त्यांचे कुळांत नव्हतें. म्हणाले, "वाळूं द्या. कच्चें दफ्तर आम्हांस नको."

एकविसावे दिवशीं महाराजांची स्वारी स्वतः खालीं आली. परसांत पाहतात तों चूल पेटली आहे आणि तिच्या अंगावर कोठें 'वांगीं', कोठें 'हजामत' ऐशीं अक्षरें उमटलीं आहेत. पंत खांबाआड उभे. बाईंनीं पाट मांडला, ज्वारीची भाकरी टाकली, वर लोणी वाढलें. महाराजांनीं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि पुसिलें, "बाई, निकाल काय?"

"दोन्ही नगरें सारखीं, महाराज. महाग आहे तो घाट."

महाराज सात वर्षें घाटावर डेऱ्यांत वारा खात होते; राणीसाहेबांस पडसें होतें तें गेलेंच नव्हतें. त्यांनीं तिसरी भाकरी मागितली, आणि हात धुण्यापूर्वीं डेरे उतरविण्याचा हुकूम दिला. जेथें बसले होते तेथेंच राजधानी जाहली.

तरी पंतांचा पाय ठरेना. महिना भरला आणि कोणी बोलून गेला कीं नदीपार तिसरें नगर आहे, तेथें तूप फार स्वस्त. पंत उठले, पगडी घातली, दौत कमरेस खोंविली. लाडूबाई पाठमोऱ्याच भाकरी थापीत होत्या.

"जाणें होत असेल तर व्हावें," म्हणाल्या. "चूल येत नाहीं."

पंत उंबऱ्यावर एक पाय आंत, एक बाहेर ऐसे पुष्कळ वेळ उभे राहिले. मग पगडी काढली आणि पाट ओढून बसले.

एवढें वृत्त. थोरल्याचे लोक सांगतात कीं चूल वर घातली, धाकट्याचे सांगतात खालीं. आम्हीं ज्यानें जेवूं घातलें त्याचें लिहिलें.