सगळ्यांसाठी पुस्तक

शालीकरामजींनी पुस्तकाच्या प्रकाशनाचा दिवस आधी ठरवला, आणि पुस्तक कशावर लिहायचं ते नंतर पाहू म्हणाले. आता बोला! कृषी सहायकाच्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, फुलचूरला स्वतःचं घर, हाताशी वेळच वेळ. दिवाळीनंतर केशोरीला, म्हणजे त्यांच्या सासुरवाडीला, मंडई भरते. मंडई म्हणजे गावची जत्राच; घरोघरी पाहुणे येतात, नाटक होतं. त्या नाटकाच्या पत्रकावर 'पुस्तक प्रकाशन' असं त्यांनी छापूनही घेतलं.

"पन तुमी हे पुस्तक कायले लिहून राहिले?" रुख्माबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"लोकांसाठी."

"कोनत्या लोकायसाठी?"

"सगळ्यांसाठी!"

हेच नडलं. सगळ्यांसाठी आहे तर माझ्या माहेरची वंशावळ टाका, असं रुख्माबाई म्हणाल्या. शेजारच्या नंदाबाईंनी गुडघेदुखीवरचे उपाय आणून दिले. मंडई कमिटीच्या मुन्नानं नाटकातल्या कलाकारांचे फोटो पाठवले. शालीकरामजी पडले भिडस्त, कोणाला नाही म्हणवेना. शेवटी गोंदियाच्या छापखानेवाल्याचा फोन आला. "सरजी, कवर पे क्या डालूँ? धान, घुटना या फॅमिली फोटो?"

शालीकरामजी डोकं धरून बसले. मंडई तोंडावर आलेली. सासुरवाडीत हसं झालं तर जन्मभर ऐकावं लागणार होतं.

त्यांची मुलगी गुंजन चहा घेऊन आली. "बाबा, सगळ्यायले राहू द्या. तुमाले स्वतःले काय सांगाचं हाये?"

"तुह्या मामाले सांगाचं हाये!" फटकन तोंडातून निघालं. "त्या साली बकारामच्या धानाले तुडतुड्याची कीड लागली. मी सांगतलो, धानाच्या बांधीतलं पानी काढ. ऐकला नाही. धान गेलं, अन् गावभर सांगत फिरला, का भाऊजीच्या सल्ल्यानं बुडालो!"

"मंग हेच लिवा ना."

मग काय विचारता! वंशावळ उडाली, गुडघे उडाले, कलाकारही उडाले. शालीकरामजी जेवणखाण विसरून लिहीत सुटले. सासुरवाडीबद्दल इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं कागदावर आलं. पुस्तकाचं नाव ठेवलं, 'ऐकलं असतं तर'. लोक वाचतील, बकारामची मान खाली जाईल, आणि आपलं नाव एकदाचं धुऊन निघेल, एवढाच हेतू. पण हेतू कसा, लख्ख!

मंडईच्या दिवशी मंडप भरला. रुख्माबाईंनी स्वतः न वाचताच कौतुकानं माहेरच्या माणसांना आधीच एकेक प्रत वाटून टाकली होती. प्रकाशन मंडई कमिटीच्या अध्यक्षांच्या हस्ते, आणि अध्यक्ष कोण, तर बकारामच. शालीकरामजींना मनातून गुदगुल्या होत होत्या. चोराच्याच हातानं पंचनामा!

बकारामनं पुस्तकाची फीत सोडण्याआधी माईक हातात घेतला.

"मंडळी, आज एक गोष्ट कबूल करतो. त्या साली माहं धान गेलं ते माह्याच अडेलपनानं. भाऊजीनं पानी काढाले सांगतलं होतं. मले लाज वाटली, म्हून त्यायचं नाव सांगतलो. भाऊजी, माफ करा." आणि तो सरळ शालीकरामजींच्या पायाच पडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढं ऐकण्यासाठीच तर बिचाऱ्या शालीकरामजींनी अख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्यांनी मेहुण्याला उठवून छातीशी धरलं.

"आता भाऊजीच्या पुस्तकातलं थोडकं वाचतो," बकाराम डोळे पुसत म्हणाला, आणि फीत सोडून, पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचू लागला, "'माझा मेहुणा बकाराम याच्याइतका अडाणी आणि खोटारडा माणूस...'"

शालीकरामजींनी माईकची वायर उपटली. "पाच मिनिटं! पाच मिनिटं!" म्हणत ते मंचावरून खाली उतरले आणि पहिल्या रांगेतल्या एकेकाच्या हातून पुस्तक ओढून घेऊ लागले. "द्या इकडे, छपाईत चूक झाली. वाचू नका, वाचू नका!"

सगळ्यांनी दिली. फक्त सासऱ्यांनी आपली प्रत घट्ट धरून ठेवली.

"थांबा जवाईबापू," चष्मा नाकावर सारत ते म्हणाले, "आताच माहं नाव आलं हाये."