घुमण्याशी उभा दावा

आमच्या महादूमामानं एकदा गावच्या देवळातल्या घंटेला आतून फडकं बांधलं. सकाळी आरतीला पुजाऱ्यानं घंटा वाजवली, तर नुसतं ठप्प. अख्खी आळी मामावर धावून आली. मामा शांत. म्हणाला, "द्येवाला एकदा सांगितलेलं कळतं. मागनं घुमत बसायचं काय काम?"

मामाचा घुमण्याशी उभा दावा. घरात स्टीलच्या दोन ताटांमध्ये फडकं, दाराच्या कडीला सुतळी, सायकलच्या घंटीला चिकटपट्टी. "बोल आन् गप बस," हे त्याचं ब्रीद. भांड्यांना म्हणतो, तसंच मत मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही म्हणतो.

असल्या माणसानं आंबवड्याजवळच्या रिकाम्या पोल्ट्रीत रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढला. मी भोरच्या एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवते. म्हणजे त्याच्या तावडीत सापडलेलं पहिलं बकरं मीच.

हळदीचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. गाणं मामीनं रचलेलं, म्हणणारी आळीतलीच एक पोरगी. मामीला हल्ली कमी ऐकू येतं, कानात मशीन आहे. लग्नघरी पोरींनी ड्रमवर तिचं गाणं धरलं की ती उठून परसात जायची. आम्हाला वाटायचं, लाजते.

मी पहिला ठोका दिला. मामानं हात वर केला. "घुमतोय." ड्रमवर रुमाल आला. "आजून घुमतोय." मग टॉवेल, मग पंचा, मोठ्या ड्रमच्या पोटात गोधडी. दुपारपर्यंत माझे ड्रम बाळंतिणीसारखे गुंडाळून झाले. वाजवून बघितले, तर पुठ्ठ्याचे खोके.

माझं डोकं फिरलं. काठ्या टाकल्या आणि म्हटलं, "मामा, त्यापेक्षा नसरापूरच्या बाजारातनं खराच खोका आण. मी चालले घरी."

मामी नुकतीच चहा ठेवून गेली होती. तिच्या पाठीकडं बघत मामा हळू आवाजात म्हणाला, "बस जरा पोरी. तिच्या मशीनमदी समदंच मोठं व्हतंय. ताट वाजलं तरी डोक्यात घण पडतो. ड्रम घुमला की गाण्याचे बोल बुडत्यात. सोताचं गाणं तिला ऐकाया येत न्हाई गं. म्हून उठून जाती."

  मी पंचा ओढून काढला. दोघांनी मिळून सगळं उतरवलं, चावीनं ड्रम नीट ताणले आणि प्रत्येकाच्या कडेला एकच रुमाल एका बाजूनं चिकटवला. ठोका पडला की रुमाल उडायचा, ड्रम मोकळा बोलायचा. रुमाल खाली बसला की आवाज तिथंच संपायचा. असा भरीव ठोका माझ्या हातून आजवर निघाला नव्हता.

गाणं झालं. मामीला स्पीकरसमोर बसवलं. मामा तिच्याकडं बघेना, भिंतीकडं तोंड करून उभा. पहिलं कडवं गेलं, मामी दगडासारखी बसलेली. दुसऱ्या कडव्यात तिनं हात वर केला. मामानं मान वळवून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"थांबवा ते," मामी म्हणाली. "मावशीनं आदी हळद लावली व्हय? माज्या गाण्यात आत्या आदी हाय. आत्याचा मान कुनी खाल्ला?"

गाणाऱ्या पोरीनं जीभ चावली. खरंच तिनं ओळी उलट्या म्हटल्या होत्या, आणि आमच्यातल्या एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

"चुकलंय म्हनती," मामा आम्हाला एकेकाला धरून सांगू लागला. "ऐकलंसा का, चुकलंय म्हनती." डोळ्यांना धार लागलेली आणि माणूस हसतोय.

मामी पदर खोचून त्या पोरीसमोर जाऊन बसली. "घ्या पयल्यापास्नं," म्हणाली. "मी ऐकतीया."